‘हाव, किल्लारीच’चा पाचवा अंक

१

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी पहाटे, आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात चाळीस दारांच्या फटीतून चाळीस चोपड्या आत सरकवलेल्या सापडल्या. दुपारी बाराच्या आत अक्षरा नावाच्या मुलीला तिचा भाऊ मुदखेडला घेऊन गेला. जाताना त्यानं तिला कुणाशी बोलू दिलं नाही.

मी त्या कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं आहे. मुली मला महादेवीअक्का म्हणतात. पहाटे लिंगपूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेत नाही. त्या दिवशी पूजेनंतरही वेळ गेला, कारण आदल्या दिवशी घरात विळीला हात लावलेला नव्हता आणि दोन दिवसांची गवार निवडून-चिरून ठेवायची होती. ग्रंथालय उघडायला पाच मिनिटं उशीर झाला. दारात तनुजा उभी होती, डोळे सुजलेले.

“अक्का, मला हॉस्टेलमधून काढून राहिलेत. चार वाजता प्राचार्यांच्या केबिनमधी बैठक हाय. आप्पांना फोन गेला, ते किल्लारीवरून निघाले.”

तिनं माझ्या हातात ती चोपडी ठेवली. तळहाताएवढी, आठ पानांची. मुली तिला झीन म्हणतात. स्वतः लिहायची, चित्रं स्वतः काढायची, झेरॉक्स करून कापायची, सुईनं शिवायची आणि वाटून टाकायची. संपादक नको, परवानगी नको. तनुजाच्या झीनचं नाव ‘हाव, किल्लारीच’. लातुरात तिनं गाव सांगितलं की समोरचा चुकचुकतो आणि भूकंपाचं विचारतो. ही पोरगी भूकंपानंतर तेरा वर्षांनी जन्मली. तिच्या पहिल्या अंकाचं पहिलं वाक्य होतं, ‘मी भूकंपाची नाही, मी बी.ए.च्या वर्गातली आहे.’ दुसऱ्या अंकात ‘हो’ऐवजी येणाऱ्या तिच्या ‘हाव’ला वर्गात हसणाऱ्यांचा समाचार होता, तिसऱ्यात मेसच्या रांगेत आडनाव विचारणाऱ्यांची यादी. चौथ्यात तिनं आईला पत्र लिहिलं होतं. चारही अंक मी वाचलेत, आणि दोनदा हसताना चष्मा काढून पुसलाय.

या चोपडीवर लिहिलं होतं, ‘अंक पाचवा’. आतल्या पानावर ठळक अक्षरांत होतं: ‘खोली बावीसची अक्षरा दर दुसऱ्या रविवारी नांदेडच्या बसमधी कोणासाठी चढते? बसस्टँडला मालूम हाय, घरच्यांना न्हाई.’

“तू लिहिलंस?”

“अक्का! अक्षरा माझी रूममेट हाय. नांदेडला ती मावशीकडं जाते, मावशीला डायलिसिस चालू हाय.” तिचा आवाज फाटला. “आप्पांनी पहिल्या दिवशीच सांगितलंय, हॉस्टेल हाय तर कॉलेज हाय. आज ट्रंक गेली की माझं शिक्षण गेलं.”

“मग हा पाचवा अंक कुणाचा?”

“माझा पाचवा अंक अजून छापलाच न्हाई. त्याची मूळ पानं गादीखाली होती. सोमवारपासून ती गायब हायेत.”

२

मी चोपडी उजेडात धरली. अक्षर तनुजाच्या वळणाचं, पण जपून काढल्यासारखं, एकही ओळ वाकडी नाही. तनुजाचं नेहमीचं अक्षर एस.टी.त बसून लिहिल्यासारखं असतं. मुखपृष्ठावर वर्तमानपत्रातली अक्षरं चिकटवली होती. तनुजा ती कात्रीनं कापते, इथं त्यांच्या कडा दातेरी होत्या, फाडलेल्या. पानांच्या तिन्ही बाजूही फाडलेल्या, अगदी सरळ, पण फाडलेल्याच. शिवण नव्हती. पानं मधोमध डिंकानं चिकटवली होती.

“अशा किती आहेत तुझ्याकडे?”

तनुजानं पिशवीतून मुलींनी परत केलेल्या एकतीस काढल्या. एकतीसच्या एकतीस तशाच.

तेवढ्यात पार्वतीबाई आत आल्या. पार्वतीबाई वसतिगृहाच्या अधीक्षिका. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, हातात चाव्यांचा जुडगा. दर सोमवारी आम्ही दोघी सिद्धेश्वराला बरोबर जातो. त्यांचा उपवास कधी चुकलेला मी पाहिला नाही.

“महादेवीताई, तुमचं ऐकते ही पोरगी,” त्यांनी तनुजाच्या डोक्यावरून हात फिरवला. “सरांपुढं एकदा चुकलं म्हणू दे. हे वह्या वाटणं बंद करते असं लिहून देऊ दे. पुढचं मी बघते. मी तिच्यासाठी शब्द टाकून ठेवलाय.”

“मी केलंच न्हाई, तर चुकलं कसं म्हणू?” तनुजा म्हणाली.

“अगं, ताठ राहिलीस तर घरी जाशील.” मग बाई माझ्या कानाशी आल्या. “त्या ऋतुजाकडे बघा जरा. दोघींचं वाजलंय. आधी ही चोपडी दोघींची होती ना?”

ते खरं होतं. पहिल्या दोन अंकांवर दोन नावं होती.

३

ऋतुजा औशाची. खोली बावीसमधली तिसरी मुलगी. मी तिला कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर गाठलं. कपाळावर नवी कोरी झुलपं, भुवयांच्या वर तिरकी कापलेली.

“आलात? मला वाटलंच. सगळ्यांचं बोट माझ्याकडंच,” ती म्हणाली. “हाव, भांडलो आम्ही. तिला सगळं खरं लिहायचं असतंय. मी म्हणलं, थोडं गमतीचं लिहू, प्रेमाचं लिहू. तर म्हणती, तू कॅलेंडर काढ.” ती हसली. “पण अक्षराचं मी लिहीन का, अक्का? तिच्या मावशीसाठी डबा मी बांधून देते.”

“केस कधी कापलेस?”

तिनं कपाळावर हात नेला. “लई वाईट दिसून राहिलेत का? काल कापले. मेसच्या आरशात. बाई अशा वरडल्या! पंचमीला केसाला कात्री लावती, नागोबाचा शाप घेशील म्हणे. आणि तिकडं तनुजा तर टेबलावर बसून चौथ्या अंकाच्या वीस कॉप्या शिवत होती, नांदेडच्या पोरींनी मागवल्या होत्या म्हणून. आमच्या दोघींच्या कात्र्या दुपारीच जप्त. तनुजानं सुई तेवढी केसात खोचून लपवली आणि संध्याकाळपर्यंत शिवत बसली. सगळ्या मेसनं बघितलं.”

“अक्षराच्या रविवारचं कुणाला माहीत?”

“मला, तनुजाला,” ती म्हणाली. “आणि गेटच्या वहीला. जाताना कुठं, कुणाकडं, कितीची बस, सगळं लिहावं लागतंय की.”

ती वही कुणाच्या कपाटात असते, हे मला विचारावं लागलं नाही. पण मी ते मनाआड केलं. सोमवारी माझ्याबरोबर पिंडीवर बेल वाहणाऱ्या बाईबद्दल तसं मनात आणायचं नव्हतं मला.

४

कॉलेजसमोर संगमेशचं झेरॉक्सचं दुकान आहे. तनुजाचे चारही अंक तिथंच निघाले. तिसऱ्या अंकात तिनं त्यालाही सोडलं नव्हतं: ‘झेरॉक्सवाले अण्णा, आमचे अर्ज वाचू नका, फक्त छापा.’ त्याचा राग त्याला असू शकत होता.

“राग?” संगमेश मशीनवर कोपर टेकून हसला. “अक्का, ते पान मी फ्रेम करून लावलंय, बघा.” खरंच भिंतीवर होतं. “तवापासून पोरी जास्त यायल्यात.”

मी चोपडी पुढे केली. त्यानं दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली.

“हे माझ्या मशीनचं न्हाई. माझा ड्रम खराब हाय, डाव्या कडेला काळी रेघ येते. हे ऑफिसातल्या छोट्या प्रिंटरचं. आन् अक्का, हे बघा. ही कड कशी आलीय? घडी घातली, नखानं दाबली, ओलं बोट फिरवलं, मग सावकाश फाडलं. तीन बाजू, चाळीस चोपड्या. तीन-चार तासांचं काम हाय हे. कात्रीनं अर्ध्या तासात होतंय. माझ्याकडं आणलं असतं तर कटरला पाच मिनिटं.”

“काल दुकान होतं का उघडं?”

“नीटवाल्या पोरांची टेस्ट सिरीज होती. दिवसभर कटर चालून राहिलं. आई बोलली, पंचमीचं मशीन चालवतो म्हणून. मी म्हणलं, मशीनला कसली पंचमी?”

मी रस्ता ओलांडला. फाडणाऱ्याला घाई नव्हती. उलट त्यानं मुद्दाम जास्त वेळ घालवला होता. का? साडेतीन वाजले होते, आणि गेटमध्ये किल्लारीची जीप थांबत होती.

५

जीपमधून उतरले ते शेषेराव, तनुजाचे वडील. धोतर, टोपी, हातात रिकामी पिशवी. कुणालाही काही न विचारता ते प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. वसतिगृहाच्या शिपायानं तनुजाची पत्र्याची ट्रंक आधीच तिथं आणून ठेवली होती.

मी तनुजाला पुस्तकांच्या मांडणीमागे नेलं. सकाळपासून मी विचारत होते, अक्षराचं वाईट कुणाला करायचंय. तो प्रश्नच बाजूला ठेवला.

“तुझ्या खऱ्या पाचव्या अंकात काय होतं?”

ती खाली बघायला लागली. “तुम्हाला आवडायचं न्हाई, अक्का. तुम्ही देवाधर्माच्या.”

“सांग.”

“हॉस्टेलच्या देवघराशी एक वही टांगलेली हाय. पाळी आली की तारीख लिहायची. चार दिवस आरतीला यायचं न्हाई, ताट वेगळं. कुणी तारीख चुकवली की बाई सगळ्यांसमोर विचारतात. मी त्या वहीचं एक पान काढलं होतं. नावं न्हाईत, नुसत्या तारखा. मुखपृष्ठावर पिंडी काढली. खाली लिहिलं, ‘महादेवाला माझी तारीख कशाला पाहिजे?’”

खरं सांगते, मला राग आला. बावीस वर्षं मी त्या वसतिगृहापासून पन्नास पावलांवर बसते आणि मला ही वही माहीत नव्हती. आमच्या लिंगायत घरात लिंग गळ्यात असतं, महिन्याचे तीसही दिवस. आईनं मला कधी ते उतरवायला सांगितलं नाही, कधी पूजा चुकवू दिली नाही. विटाळ हा शब्द आजोबांनी उंबऱ्याबाहेर ठेवला होता.

“ती पानं कुणी पाहिली?”

“सोमवारी खोल्या तपासल्या तवा बाईंनी गादी उचलली होती. पण त्या काही बोलल्या न्हाईत. त्या तर माझीच बाजू घेऊन राहिल्यात.”

मी चोपडी पुन्हा हातात घेतली. काल माझ्या सुनेच्या ब्लाउजचं हुक तुटलं होतं. मी सुईदोरा काढला आणि परत डब्यात ठेवला. ती सेफ्टी पिन लावून गेली. घरात काल विळी नाही, कात्री नाही, सुई नाही. चिरायचं नाही, कापायचं नाही, टोचायचं नाही.

चोपडीवर कुठंही कात्रीची कड नव्हती, सुईचं भोक नव्हतं. चार वाजायला दहा मिनिटं होती. मी उठले.

६

केबिनमध्ये प्राचार्य, पार्वतीबाई आणि तनुजा. शेषेराव दाराशी उभे. मला कुणी बोलावलं नव्हतं.

“ग्रंथालयाचा इथं काय संबंध?” प्राचार्य म्हणाले.

“पुस्तकाचा संबंध आहे, सर.”

माझा आवाज बारीक. त्यांना ऐकू येईना म्हणून त्यांनी पंखा बंद केला. मी चोपडी टेबलावर ठेवली.

“हे मंगळवारी तयार झालं. पंचमीच्या दिवशी. करणाऱ्यानं तीन-चार तास घालवून चाळीस चोपड्या हातानं फाडल्या, कारण त्या दिवशी त्याला काही कापायचं नव्हतं. तनुजा तर त्याच दिवशी मेसमध्ये कापत आणि शिवत बसली होती, सगळ्यांसमोर. ऋतुजानं केस कापले. झेरॉक्सवाल्याचं कटर दिवसभर चाललं. यांच्यातलं कुणी पंचमी पाळत नाही.”

पार्वतीबाई शांतपणे म्हणाल्या, “पोरींच्या कात्र्या मीच दुपारी काढून नेल्या, सर. कात्री नव्हती म्हणून फाडलं असेल. त्यात काय एवढं?”

प्राचार्यांनी मान हलवली. तनुजाचा चेहरा उतरला.

“आणि सुई?” मी विचारलं.

“काय?”

“कात्री नेलीत. सुई तनुजाजवळच होती, संध्याकाळपर्यंत ती शिवत होती. तिच्या सगळ्या अंकांना लाल दोऱ्याची शिवण असते. हाताशी सुई असताना तिनं आपलाच अंक डिंकानं का चिकटवावा? कात्री नसली तर फाडता येतं. पण कापलंही नाही आणि टोचलंही नाही, हे अडचणीनं होत नाही, बाई. हे नेमानं होतं.”

मग पार्वतीबाई माझ्याकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

“नेम मी एकटीच पाळते का? तुम्ही नाही पाळत? मग हे तुम्ही केलं नसेल कशावरून?”

“पाळते. म्हणून तर कळलं,” मी म्हणाले. “पण अक्षराच्या रविवारची वही माझ्या कपाटात नसते. ज्या ऑफिसातल्या छोट्या प्रिंटरवर हे छापलंय, त्याची किल्ली माझ्याकडे नसते. आणि सर, अजून एक आहे. तनुजाची मूळ पानं कुठं आहेत, ते मी सांगू शकते.”

७

“ती पानं फाडलेली नसणार,” मी म्हणाले. “मुखपृष्ठावर पिंडी आहे. पिंडी मला फाडवणार नाही, जाळवणार नाही, कचऱ्यात टाकवणार नाही. बाईंनाही नाही. देवाचं चित्र असलेले जुने कागद आम्ही विसर्जनाच्या पिशवीत ठेवतो. वसतिगृहाच्या देवघरात, खालच्या कप्प्यात तशी पिशवी आहे, बाईंच्याच तोंडून मी ऐकलंय. कप्पा उघडा. नसतील तर ट्रंकेबरोबर माझाही राजीनामा घ्या.”

प्राचार्यांनी शिपायाला हाक मारायला तोंड उघडलं. पण त्याआधी पार्वतीबाईंनी जुडग्यातून एक छोटी किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली.

“वीस वर्षं ते देवघर मी सोवळ्यात ठेवलं,” त्या म्हणाल्या. “ही पोरगी ते चव्हाट्यावर मांडायला निघाली होती.”

“आणि अक्षरा?” तनुजा ओरडली. “तिनं काय केलं होतं तुमचं?”

“कुणाचं तरी नाव घालावंच लागणार होतं. नाहीतर सरांनी मनावर घेतलं नसतं.”

मंगळवारी नागाला इजा होऊ नये म्हणून कागदसुद्धा न कापणारी बाई हे बोलली. त्यांच्याबरोबर मी कितीतरी सोमवार पिंडीला पाणी घातलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

शिपाई पानं घेऊन आला. पिंडीवर हळद लागली होती, बाकी सगळं शाबूत. प्राचार्यांनी ती वाचली आणि चष्मा काढला.

“ठीक आहे. तनुजा, तू वसतिगृहात राहशील. पार्वतीबाईंचं काय ते संस्थेला कळवतो. ती तारखांची वही आजपासून बंद. आणि हा अंकही बंद. प्रकरण इथंच मिटवू.”

मला वाटलं, पोरगी आता हो म्हणेल. बाहेर ट्रंक होती, दारात बाप होता. कुणीही हो म्हटलं असतं.

“सर,” तनुजा म्हणाली, “आधी अक्षराच्या घरी फोन लावा. स्पीकरवर. ते पान खोटं होतं असं तुम्ही स्वतः सांगा. आणि अंक मी काढणार. मला हॉस्टेलमधून काढायचं असलं तर आत्ताच काढा, पण मग कारण लिहून द्या. तेच सहाव्या अंकात छापीन.”

“अगं, कॉलेजच्या आवारात असलं…”

“दाखल रजिस्टर माझ्याकडे असतं, सर,” मी म्हणाले. पंखा बंदच होता, त्यामुळे त्यांना नीट ऐकू गेलं. “कुणीही दिलेलं पुस्तक नोंदवायचं काम माझं. मी नोंदवणार.”

त्यांनी फोन लावला. पलीकडे अक्षराच्या भावानं दोनदा ‘काय म्हणालात?’ विचारलं. दोन्ही वेळा प्राचार्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. शेवटी मागून अक्षराचा आवाज आला, “दादा, इकडं दे तो फोन.”

संगमेशनं खऱ्या पाचव्या अंकाची पहिली प्रत काढून दिली, तेव्हा साडेपाच झाले होते. ग्रंथालयाच्या टेबलावर तनुजानं ती कापली आणि लाल दोऱ्यानं शिवली. ऋतुजा बाजूला बसून गाठ मारायला बोट धरत होती. पहिल्या पानावर मी शिक्का मारला, दाखल क्रमांक घातला आणि विषयाच्या रकान्यात लिहिलं: विद्यार्थिनी जीवन.

शेषेराव दाराशी ट्रंकेवर बसले होते. दिवसभरात ते पहिल्यांदा बोलले.

“बाईमाणसाच्या पाळीचं लिहिलंय म्हणे?”

“हाव, आप्पा.”

“आपल्या गावाचं नाव बी हाय त्याच्यावर?”

“सगळ्यात वरच हाय.”

ते उठले, ट्रंक एका कडीला धरली आणि वसतिगृहाच्या दिशेनं मान केली. दुसरी कडी तनुजानं धरली. ट्रंक गेटच्या आत ठेवून दोघं परत आले, आणि त्यांनी तिच्यापुढं हात केला.

“एक मला दे. जाताना वाचतो.”

“आप्पा, एकच हाय, अक्कांनी नोंदवलीय. आन् जीपमधी लोकं खांद्यावरून बघतील.”

मी ती चोपडी त्यांच्या हातात दिली. ग्रंथालयाचं पुस्तक बाहेर द्यायचाही अधिकार माझाच आहे.

शेषेरावांनी ती टोपीखाली किंवा खिशात घातली नाही. हातातच धरली, पिंडी वर करून.

“बघू दे की,” ते म्हणाले, आणि जीपकडे निघाले.